निमक, शपथ आणि संविधान : सैन्यसेवेचा प्रश्न आणि सुरत जिल्हा (१९१८ ते १९४६)

राज्यकर्त्याविषयी मनात शंका असताना त्याच्या सैन्यात दाखल व्हावे काय, हा प्रश्न जुना आहे. पगारी सैन्य जेथे जेथे होते तेथे तेथे तो कोणा ना कोणाला पडलाच असणार. परंतु हिंदुस्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला जे स्वरूप आले ते वेगळे होते. येथे राज्यकर्ता परका होता, सैन्य बहुतांशी देशी होते आणि शिपायाची शपथ सातासमुद्रापलीकडच्या बादशहाच्या नावाने होती. त्यामुळे एका माणसाविषयीची शंका हळूहळू त्या शपथेविषयीची शंका बनत गेली.

या वादाचे अनेक टप्पे सुरत शहरात, सुरत जिल्ह्यात किंवा या जिल्ह्यातील माणसांच्या हातून पार पडले. १९१८ ची सैन्यभरती, १९२१-२२ चा असहकार, १९३८ चे हरिपुरा अधिवेशन आणि १९४५ चा लाल किल्ल्यातील खटला हे चार प्रसंग अभ्यासक्रमात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. ते एका रांगेत ठेवले तर एक सलग विचार हाती लागतो. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

निमकाची वफादारी

इंग्रजी अमलापूर्वी शिपायाची निष्ठा ‘निमक’ या शब्दात सामावलेली होती. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमानी करायची नाही, हा दंडक हिंदू-मुसलमान दोघांनाही मान्य होता. मराठीत ‘निमकहराम’ ही आजही शिवीच आहे. मात्र निमक म्हणजे रोजीरोटी देणाऱ्या हाताशी असलेले नाते. तो हात कोणाचा, त्याचा अधिकार न्याय्य आहे की नाही, ही चौकशी त्यात अभिप्रेत नव्हती.

सुरतेच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण सापडते. १७५९ साली इंग्रजांनी सुरतेचा किल्ला ताब्यात घेतला. पुढे त्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून किल्लेदारीची व आरमाराची सनद मिळवली. त्यापूर्वी मोगलांचे हे आरमार जंजिऱ्याच्या सिद्दींकडे होते. म्हणजे किल्ल्यातील शिपाई पगार घेई कंपनीचा आणि अंमल म्हणविला जाई बादशहाचा. राज्य कोणाचे, याचे सरळ उत्तर त्या शिपायाला देता आले नसते. निमक कोणाचे, एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक होते. १८५७ मध्ये हा घोळ रक्तपाताने संपला आणि १८५८ पासून निमकाच्या जोडीला राणीशी, पुढे बादशहाशी निष्ठेची शपथ आली.

१९१८ ची भरती : तीन भूमिका

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे परदेशी आघाड्यांवर गेली आणि त्यांपैकी सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मार्च १९१८ मध्ये जर्मनीने पश्चिम आघाडीवर मोठी चढाई केली. तेव्हा इंग्रजांना आणखी माणसे हवी झाली. एप्रिलच्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी दिल्लीत युद्ध परिषद भरवली. लोकमान्य टिळक व ॲनी बेझंट यांना निमंत्रण नव्हते. मौलाना मोहम्मद अली व मौलाना शौकत अली हे बंधू तर १९१५ पासून नजरकैदेत होते. या कारणांवरून गांधीजींनी आधी परिषदेला जाण्यास नकार दिला. नंतर व्हाइसरॉयशी बोलणे झाल्यावर ते गेले आणि भरतीच्या ठरावाला त्यांनी हिंदीतील एका वाक्याने पाठिंबा दिला. त्याच वेळी व्हाइसरॉयना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुस्लिम राज्यांविषयी निःसंदिग्ध आश्वासन मागितले. अर्थात पाठिंबा आणि शंका ही दोन्ही एकाच माणसाच्या मनात एकाच आठवड्यात नांदत होती.

खेडा सत्याग्रह जूनमध्ये संपला आणि त्याच महिन्यात नडियादहून गांधीजींनी भरतीचे पत्रक काढले. खेडा जिल्ह्यातील ६०० गावांनी प्रत्येकी २० माणसे दिली तर १२,००० ची फौज उभी राहील, असा त्यांचा हिशेब होता. युक्तिवाद असा की, ज्याला शस्त्र धरता येत नाही आणि स्वतःचे रक्षण करता येत नाही त्याला स्वराज्य पेलणार नाही. साम्राज्यात बरोबरी हवी असेल तर साम्राज्याच्या संकटात भागीदारीही हवी. ऑगस्टच्या आरंभी सुरतेतील सभेतही त्यांनी भरतीच्या बाजूने भाषण केले. होमरूल चळवळीमुळे सुरतेत दयाळजी देसाई, कल्याणजी मेहता यांच्यासारखे कार्यकर्ते तयार झालेले होते. ज्या सरकारविरुद्ध कालपर्यंत बोलायचे त्याच सरकारच्या सैन्यात आज भरती व्हायचे, हे समजून घेणे अशा मंडळींना सोपे गेले नसणार.

टिळकांची भूमिका निराळी होती. सुरतेला टिळक अपरिचित नव्हते. १९०७ च्या डिसेंबरात याच शहरात काँग्रेसचे अधिवेशन उधळले गेले होते आणि जहाल-मवाळ वेगळे झाले होते. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या प्रांतिक युद्ध परिषदेत टिळक स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी त्यांना थांबवले आणि ते सभात्याग करून बाहेर पडले. टिळकांचा विरोध भरतीला नव्हता, बिनशर्त भरतीला होता. हिंदी माणसाला सैन्यात अधिकाऱ्याच्या जागा मिळतील असे वचन सरकारकडून आणा, महाराष्ट्रातून ५,००० माणसे मी देतो, असे त्यांनी गांधीजींना कळवले आणि हमी म्हणून ५०,००० रुपयांचा धनादेश पाठवून दिला. सेवेत सौदा नको, या मताच्या गांधीजींनी तो परत केला.

तिसरी भूमिका खेड्याच्या शेतकऱ्यांची होती. सत्याग्रहाच्या काळात ज्यांनी आपणहून गाड्या दिल्या, जेवू घातले, त्याच गावांत आता गांधीजींना व वल्लभभाईंना भाड्यानेही गाडी मिळेना. दोघे मैलोन्‌मैल पायी फिरले. सरकारने आमचे काय भले केले म्हणून आम्ही जीव द्यावा, हा त्यांना ऐकावा लागलेला सवाल. अहिंसा सांगणारा माणूस बंदूक कशी धरायला सांगतो, हा दुसरा. नावे अगदी थोडी मिळाली आणि ऑगस्टमध्ये गांधीजी आजारी पडून अंथरुणाला खिळले.

या तीन भूमिकांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिघांनाही सरकारविषयी शंका होती. एकाने शंका बाजूला ठेवून सेवा देऊ केली, दुसऱ्याने शंकेची अट बनवली आणि तिसऱ्याने न बोलता दार लावून घेतले. यावरून असे दिसते की शंका ही उत्तर ठरवत नाही. उत्तर ठरते ते सेवेच्या बदल्यात माणूस काय मागतो आणि ते देण्याची जबाबदारी कोण घेतो, यावरून.

मुसलमान शिपायाची कोंडी

याच युद्धात मुसलमान शिपायासमोर आणखी एक पेच होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले आणि उस्मानी खलिफाने जिहाद पुकारला. अरबस्तानातील पवित्र स्थळांना धक्का लावणार नाही, असे इंग्रज सरकारने तत्काळ जाहीर केले. या वचनावर विसंबून बहुसंख्य मुसलमान शिपाई लढत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा पहिला हिंदी शिपाई खुदादाद खान हा १२९ व्या बलुची पलटणीचा होता. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस बेल्जियममध्ये त्याने हा पराक्रम केला.

परंतु दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात ५ व्या लाइट इन्फन्ट्रीने बंड केले. आपल्याला तुर्कांविरुद्ध पाठवणार ही अफवा हे त्याचे एक कारण होते. वास्तविक पलटण हाँगकाँगला निघालेली होती. चाळीसहून अधिक शिपायांना जाहीरपणे गोळ्या घातल्या गेल्या. १९१६ च्या आरंभी बसऱ्यात १५ व्या लान्सर्सच्या घोडेस्वारांनी तुर्कांवर चालून जाण्यास नकार दिला. अन्यत्र कोठेही लढू, पण पवित्र भूमीत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांपैकी शेकडोंना शिक्षा झाल्या. येथे बंड आणि नकार यांतला फरक विद्यार्थ्यांना दाखवून देण्याजोगा आहे. सिंगापुरात गोळी चालली, बसऱ्यात फक्त पाऊल थांबले.

एकाच घरातही एकच उत्तर निघाले नाही. आफ्रिदी पठाण जमादार मीर मस्त १९१५ च्या मार्च महिन्यात फ्रान्समधील आघाडीवरून जर्मनांना जाऊन मिळाला. पुढच्याच महिन्यात त्याचा भाऊ मीर दस्त याने ईप्रच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दोघांचा धर्म एक, टोळी एक, घर एक आणि निमकही एकच. या उदाहरणावरून कोणत्याही जमातीच्या निष्ठेविषयी घाऊक विधान करणे किती धोक्याचे आहे, हे ध्यानात यावे.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी इराकमधील कुतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ एवढा काळ उपासमार सोसून त्या पुणे डिव्हिजनबरोबर शरण गेल्या. महिना ११ रुपयांच्या पगारावर गेलेल्या या माणसांना परिषदांतील भाषणे ठाऊक नव्हती. दुष्काळी मुलखातून, कोकणातून, घाटमाथ्यावरून ते आले होते. सैन्यसेवेची चर्चा करणारे बहुतेक जण स्वतः कधी सैन्यात जाणार नव्हते आणि जे गेले त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. पुढच्या साऱ्या वादात ही विसंगती कायम राहिली.

कराची ते सुरत : १९२१-२२

युद्ध संपले. १९२० च्या सेव्हरच्या तहाने उस्मानी साम्राज्याचे तुकडे झाले आणि दिलेली आश्वासने मोडली गेली, अशी भावना मुसलमानांत दृढ झाली. ८ ते १० जुलै १९२१ रोजी कराचीत भरलेल्या खिलाफत परिषदेने ठराव केला की, इंग्रज सैन्यात नोकरी करणे, भरती होणे वा इतरांना भरती करणे मुसलमानाला शरीयतप्रमाणे हराम आहे. अली बंधू, मौलाना हुसेन अहमद मदनी, डॉ. सैफुद्दीन किचलू, पीर गुलाम मुजद्दिद, मौलाना निसार अहमद आणि शारदापीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ अशा सात जणांवर कराचीच्या खालिकदिना हॉलमध्ये खटला चालला. आरोप होता शिपायांना फितवण्याचा. १ नोव्हेंबर १९२१ रोजी शंकराचार्यांची सुटका झाली आणि इतर सहा जणांना प्रत्येकी दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. मौलाना मदनींनी न्यायालयात मांडलेला मुद्दा असा : निर्मात्याच्या आज्ञेविरुद्ध जाऊन कोणत्याही मानवाच्या आज्ञेचे पालन करता येत नाही, आणि राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याने धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिलेले आहे. म्हणजे सरकारचा स्वतःचाच शब्द त्यांनी सरकारपुढे ठेवला.

अटकेची बातमी येताच हा प्रश्न एका जमातीचा राहिला नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गांधीजींसह सुमारे पन्नास पुढाऱ्यांनी मुंबईहून जाहीर पत्रक काढले. हिंदी जनतेच्या आकांक्षा दडपणाऱ्या सरकारची मुलकी वा लष्करी नोकरी करणे राष्ट्राच्या प्रतिष्ठेला धरून नाही, असे त्यात म्हटले होते. कराचीत जे धर्माच्या भाषेत बोलले गेले तेच मुंबईत राष्ट्राच्या भाषेत बोलले गेले.

येथे एक तपशील फारसा सांगितला जात नाही. काँग्रेस कार्यकारिणीने याच सुमारास केलेल्या ठरावात शिपायांना सरसकट नोकरी सोडण्याचा आदेश दिला नाही. कारणही स्पष्ट दिले. नोकरी सोडणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय करण्यास काँग्रेस अद्याप समर्थ नाही. जो स्वतःच्या हिमतीवर उभा राहू शकतो त्याने मात्र नोकरी सोडावी. पिंजणे, कातणे, विणणे हे सन्मानाचे धंदे म्हणून सुचवले गेले. आपल्या म्हणण्याची किंमत दुसऱ्याच्या चुलीवर पडते, हे या ठरावाने कबूल केले. सद्सद्‌विवेकाची भाषा बोलणाऱ्या चळवळींत एवढा प्रामाणिकपणा नेहमी आढळत नाही.

यानंतर घटना सुरतेकडे वळतात. ३१ जानेवारी १९२२ रोजी कार्यकारिणीची बैठक सुरतेत भरली. सामुदायिक कायदेभंगासाठी जिल्ह्यातील बारडोली तालुका निवडलेला होता. परंतु चौरीचौऱ्याच्या हत्याकांडानंतर १२ फेब्रुवारीस बारडोलीतच ही मोहीम थांबवण्याचा ठराव झाला. मार्चमध्ये गांधीजींना अटक झाली. ज्या तीन लेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला त्यांतील पहिला, २९ सप्टेंबर १९२१ चा, शिपायांच्या राजनिष्ठेविषयी व अली बंधूंच्या समर्थनार्थ लिहिलेला होता. १८ मार्चला अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे केलेल्या निवेदनात गांधीजींनी १९१८ च्या भरतीचा स्वतःहून उल्लेख केला. याच सरकारसाठी खेड्यात आपण प्रकृतीची पर्वा न करता फौज उभारू पाहत होतो, असे त्यांनी सांगितले. न्यायाधीशांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊन सहा वर्षांची शिक्षा दिली. चार वर्षांत भरती करणारा माणूस भरतीविरुद्ध लिहिल्याबद्दल तुरुंगात गेला. त्याची शंका १९१८ मध्येही होती. पंजाबातील अत्याचार आणि खिलाफतीचा प्रश्न यांनंतर तिचे रूप बदलले. सरकारच्या एखाद्या कृत्याविषयीची शंका आता सरकारच्या अधिकाराविषयीची शंका झाली होती.

हरिपुरा आणि दुसरे महायुद्ध

फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन तापी नदीकाठच्या हरिपुरा या सुरत जिल्ह्यातील गावात भरले. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. युरोपात युद्धाची चाहूल लागलेली होती. परराष्ट्र धोरणाविषयीच्या ठरावात काँग्रेसने जाहीर केले की, साम्राज्यशाहीच्या युद्धात हिंदुस्थान सहभागी होणार नाही आणि देशाची माणसे व साधने त्यासाठी वापरू दिली जाणार नाहीत. बारडोली-हरिपुऱ्याच्या मातीत १९१८ ची बिनशर्त सेवा आणि टिळकांची सशर्त सेवा, दोन्ही मागे पडल्या.

सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले आणि काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा भाव्यांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. या युद्धाला माणूस वा पैसा देणे चूक आहे, एवढेच सांगून तुरुंगात जायचे. पण ठराव एकीकडे आणि भरतीची रांग दुसरीकडे होती. १९३९ मध्ये सुमारे २ लाख असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत २५ लाखांच्या घरात गेले, आणि तेही सक्तीच्या भरतीशिवाय.

या रांगेतील सगळेच सरकारभक्त होते असे मानणे चुकीचे ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इंग्रज सरकारचे परखड टीकाकार होते. तरीही त्यांनी आपल्या समाजाला सैन्यात जाण्यास सांगितले. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभी केलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली. सैन्यातून समाजाला शाळा, पेन्शन आणि इज्जत मिळते, हे सुभेदार रामजींच्या मुलाला वेगळे सांगायला नको होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. वि. दा. सावरकरांनीही, वेगळ्या हेतूने, हिंदू तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन केले. राज्यकर्ता जाईल, शिकलेली विद्या आपल्याकडे राहील, असा हिशेब अनेकांच्या मनात होता. तो नैतिकदृष्ट्या उणा होता असे म्हणता येणार नाही. ज्याच्याकडे दुसरे दार उघडेच नव्हते त्याने उघडे दार स्वीकारले.

लाल किल्ला आणि वलसाडचा वकील

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि मार्चमध्ये रंगून. रंगूनला सुरती बाजार आणि सुरती मशीद होती. सुरत-रांदेरच्या व्यापारी कुटुंबांचा तिकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. त्यामुळे ही दूरच्या मुलखातील बातमी या भागासाठी घरची बातमी होती. सिंगापुरात कैद झालेल्या हिंदी शिपायांतून आझाद हिंद सेना उभी राहिली.

कॅप्टन शाहनवाज खान यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. रावळपिंडीकडच्या लष्करी परंपरेच्या घराण्यातील हा अधिकारी. जपान्यांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि पहिल्या आझाद हिंद सेनेचे प्रमुख मोहनसिंग यांच्या नेतृत्वाविषयीही त्यांना शंका होती. आरंभी त्यांनी विरोध केला. नंतर आत शिरले ते कैद्यांचे रक्षण व्हावे आणि जपान्यांना या फौजेचा गैरवापर करता येऊ नये, या हेतूने. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू आले तेव्हा शंका फिटली, असे त्यांनी पुढे न्यायालयात सांगितले. बादशहा की देश, असा प्रश्न आपल्यापुढे होता आणि आपण देश निवडला, हा त्यांच्या निवेदनाचा आशय होता.

याच्या समोर कॅप्टन मतीन अहमद अन्सारी यांना ठेवले पाहिजे. निजामाच्या घराण्याशी नाते असलेला राजपूत रेजिमेंटचा हा अधिकारी हाँगकाँगमध्ये कैद होता. छळ, उपासमार सोसूनही त्यांनी शपथ मोडली नाही. २९ ऑक्टोबर १९४३ रोजी जपान्यांनी त्यांचा शिरच्छेद केला. मरणोत्तर त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. शाहनवाज आणि अन्सारी यांपैकी एकाला खरा व दुसऱ्याला खोटा ठरवण्याचा मोह इतिहासाच्या शिक्षकाने टाळावा. शपथेचा अर्थ दोघांनीही गांभीर्याने घेतला. एकाच्या मते ती देशासाठी मोडणे भाग होते. दुसऱ्याने ती प्राण देऊन पाळली.

५ नोव्हेंबर १९४५ रोजी लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लों यांच्यावर खटला सुरू झाला. बचावाचे मुख्य वकील होते भुलाभाई देसाई. त्यांचा जन्म १८७७ चा, तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील वलसाडचा. बारडोलीच्या १९२८ च्या सत्याग्रहानंतर शेतसाऱ्याच्या चौकशीत त्यांनी शेतकऱ्यांची बाजू मांडली होती आणि त्या चौकशी समितीवर तेच ब्रूमफील्ड होते. लाल किल्ल्यात वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, प्रकृती खालावलेली असताना, भुलाभाईंनी मांडलेला मुद्दा थोडक्यात असा : स्वतंत्र देशात राजा आणि देश एकच असतात, म्हणून राजाची शपथ ही देशाचीच शपथ होते. परतंत्र देशात ही दोन वेगळी झाली तर राजाची शपथ माणसाला देशाविरुद्ध बांधून ठेवू शकत नाही. न्यायालयाने तो मान्य केला नाही. तिघांना जन्मठेप सुनावली गेली. परंतु जानेवारी १९४६ च्या आरंभी सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ केली. पुढच्याच महिन्यात मुंबईत आरमारातील खलाशांनी बंड केले. त्यांच्या संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग होते. भुलाभाई मे १९४६ मध्ये वारले. देशी शिपायाच्या बळावर हे राज्य आता फार काळ टिकणार नाही, हे तोवर स्पष्ट झाले होते.

शपथ बदलली

स्वतंत्र भारताने या प्रश्नाला दिलेले उत्तर १९५० च्या लष्कर कायद्याखालील शपथेत सापडते. आजचा जवान निष्ठा वाहतो ती कायद्याने स्थापित झालेल्या भारतीय संविधानाला. राष्ट्रपतींच्या आणि वरिष्ठांच्या आज्ञा पाळण्याचे वचन तो देतो, प्रसंगी जिवाची बाजी लावूनही. कोणा पंतप्रधानाचे, पक्षाचे वा पुढाऱ्याचे नाव त्यात नाही. आज्ञाभंगाची शिक्षा सांगणाऱ्या कलमातही ‘कायदेशीर आज्ञा’ असे शब्द आहेत. भुलाभाईंनी ज्या भेगेवर बोट ठेवले होते ती भेग या शपथेने बुजवली. येथे निष्ठेचा विषय कोणी व्यक्ती नाही, म्हणून व्यक्तीविषयीची शंका निष्ठेच्या आड येत नाही.

याचा अर्थ प्रश्न संपला असा मात्र नव्हे. युद्ध केव्हा करायचे हे जवान ठरवत नाही, निवडून आलेले सरकार ठरवते. सेवेत असताना काही मूलभूत हक्कांवर मर्यादा येतात, तशी तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ३३ मध्ये आहे. ज्याला पुढाऱ्याविषयी शंका आहे त्याच्या हाती मतपत्रिका आहे आणि ती जवानालाही आहे. परंतु शंका आली म्हणून सैन्याने पुढारी बदलावा, हा मार्ग येथे बंद आहे आणि तो बंद असणे हिताचे आहे. १९४७ पूर्वीच्या एकाच सैन्याचे दोन भाग झाले. त्यांपैकी पाकिस्तानच्या भागाने १९५८ मध्ये सत्ता हाती घेतली, तेव्हा पुढाऱ्यांच्या नालायकीचेच कारण पुढे केले गेले. पुढे त्याच देशात सैन्याविषयी शंका बोलून दाखवणेही अवघड झाले.

१९४७ च्या फाळणीत ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्यापुढे पाकिस्तानात मोठ्या पदाचा पर्याय होता. त्यांनी भारत निवडला. ३ जुलै १९४८ रोजी झांगड येथे ते कामी आले तेव्हा नव्या शपथेचा मजकूर अजून लिहिलाही गेला नव्हता. संविधान तयार होत होते. त्यांचा निर्णय कोणा पुढाऱ्यावरच्या भक्तीतून झाला असे मानण्याचे कारण नाही. देश कोणाचा, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होते.

निष्कर्ष

महाविद्यालयात लष्करात जाऊ इच्छिणारे विद्यार्थी असतात. त्यांच्यातील एखादा कधी ना कधी विचारतोच की, सरकारचे धोरण पटत नसेल तर जावे काय? घरातील वडीलधारे हाच प्रश्न अधिक काळजीने विचारतात. त्याला हो किंवा नाही असे तयार उत्तर देणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु सुरत जिल्ह्याच्या या अठ्ठावीस वर्षांतून चार कसोट्या त्याच्या हाती देता येतात.

पहिली, शपथ कोणाची आहे? व्यक्तीची की त्या व्यक्तीलाही बांधून ठेवणाऱ्या कायद्याची? दुसरी टिळकांची. सेवेच्या बदल्यात बरोबरीची जागा आहे काय? नसेल तर ती मागण्याची वाट मोकळी आहे काय? तिसरी कराचीच्या आरोपींची. अशी कोणती आज्ञा आहे जी आपण कोणत्याही स्थितीत पाळणार नाही, आणि ती न पाळण्याची शिक्षा भोगायची आपली तयारी आहे काय? बसऱ्याच्या घोडेस्वारांनी ती भोगली. चौथी काँग्रेसच्या १९२१ च्या ठरावाची, आणि ती सल्ला देणाऱ्याने स्वतःला लावायची आहे. आपल्या सांगण्यावरून कोणी नोकरी धरली वा सोडली, तर त्याच्या घरची चूल कशी पेटेल याचा विचार आपण केला आहे काय?

१९१८ च्या शिपायाला यांपैकी पहिल्याच प्रश्नाला अडखळावे लागत होते, कारण त्याची शपथ परक्या बादशहाची होती. आजच्या विद्यार्थ्याला तेथे अडखळण्याचे कारण नाही. उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र त्याची त्यालाच शोधावी लागतील, आणि ती शोधताना मीर दस्त व मीर मस्त एकाच घरातले होते, हे त्याला ठाऊक असलेले बरे.